तिसऱ्या बीपच्या आधी

ताईच्या उशाशी लावलेला औषधाचा पंप पहिल्यांदा ओरडला, तेव्हा माझ्या स्टुलाचा पाय लंगडा आहे की खालची फरशी, याचा निकाल लावण्यात मी गुंतलो होतो. टीं, टीं, मग जरा थांबून टीं. नर्स आली, तिनं पंपावरचं बटण दाबलं, ताईचा वाकलेला उजवा हात कोपरात सरळ केला, ‘आजी, हात वाकवायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं,’ असं म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या खाटेकडे गेली. वॉर्डातल्या नऊ रुग्णांपैकी आणि त्यांच्याजवळच्या तितक्याच नातेवाइकांपैकी कुणीही मान वळवली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बीपच्या मधली ती फट मी मात्र ओळखली. गर्दीत एखाद्याची नुसती पाठमोरी चाल पाहून आपण त्याचं नाव घेतो, तशी ओळखली. खाली वाकून पंपाची कूस पाहिली. कंपनीचं नाव वेगळं होतं. आमची कंपनी दुसरीनं गिळली होती, दुसरीला तिसरीनं, आणि प्रत्येकीनं आपली पट्टी चिकटवली होती. पण खालचं राखाडी कवच तेच होतं, बटणांची रांग तीच होती, आणि आतला प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वी मी लिहिलेला होता.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना एवढंच सांगतो. प्रोग्राम चालू असताना त्याला मधूनमधून जागा लागते, आणि कधी व किती लागेल हे आधी सांगता येत नाही. अलार्म झाला की त्याची वेळ, कारण, त्या क्षणाचा डोस असा चार ओळींचा निरोप कुठंतरी लिहावा लागतो. म्हणून प्रोग्राम मेमरीच्या एका मोकळ्या पट्टीतून तुकडा मागून घेतो, त्यावर निरोप लिहितो, पडद्यावर दाखवतो आणि काम झालं की तुकडा परत करतो. शेजारून वाटी आणावी आणि धुऊन परत द्यावी, इतकंच ते. आमच्या पंपात असे एकवीसशे तुकडे मावत. देणं-घेणं चोख असेल तर एकवीसशे म्हणजे चैन आहे. नुसतं घेतच राहिलं तर एकवीसशे म्हणजे फक्त एकवीसशे.

तुकडा मागायचा भाग मी लिहिला होता आणि निरोप दाखवायचा भाग टाचणीनं. टाचणी हे आम्ही तिला ठेवलेलं नाव. दुसऱ्याच्या कोडमधली चूक ती अशी नेमकी टोचायची, की रक्त निघत नसे आणि दिवसभर ठणका राही. ज्यानं मागितलं त्यानं परत करावं, हे तिचं म्हणणं. ज्यानं शेवटचं वापरलं त्यानं परत करावं, हे माझं. थोडक्यात, ते काम दुसऱ्याचं आहे यावर आमचं एकमत होतं. तरी काळजी म्हणून दोघांनीही परत करायची ओळ आपापल्या भागात घालून ठेवली, आणि एकच तुकडा दोनदा परत जाऊ लागला. एकच वाटी दोनदा परत आली तर शेजारणीच्या हिशोबात फळीवर दोन वाट्या होतात, आणि ती तीच वाटी दोन घरांना देऊन मोकळी होते. चाचणीच्या टेबलावर पंपानं एका अलार्मच्या निरोपात भलताच डोस दाखवला तेव्हा सगळे हादरले. त्या दुपारी मी माझी ओळ काढली, कारण परत करणं तिचं काम होतं. त्याच दुपारी तिनं तिची काढली, कारण ते माझं काम होतं. कुणी कुणाला सांगितलं नाही. दोघांचंही तत्त्व शाबूत राहिलं आणि तुकडा पोरका झाला. पंप शहाण्यासारखा वागू लागला, आम्ही एकमेकांना चहा पाजला, आणि प्रत्येक अलार्मला एक तुकडा गिळून बसणारं ते यंत्र तीन आठवड्यांनी बाजारात जायच्या बेतात असताना हे गिळणं कुणाच्या तरी लक्षात आलं.

आमच्या साहेबांना आम्ही भागाकार म्हणत असू. कुठलाही प्रश्न आला की ते त्याला कशानं तरी भागत. ‘दिवसाला अलार्म किती? चाळीस धरा. एकवीसशे भागिले चाळीस, बावन्न दिवस. बावन्न दिवस पंप बंद न करता कोण वापरणार आहे? रुग्ण बदलला की पुसायला बंद करतीलच की!’ दुरुस्ती करायची तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन महिने. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी त्या ठिकाणी एक टीप लिहिली: हा तुकडा परत केलेला नाही, यंत्र बंद केल्यावर सगळी जागा आपोआप मोकळी होते. खाली माझी आद्याक्षरं. वाक्यात काही खोटं नव्हतं. आयुष्यात मी जी थोडी वाक्यं अगदी तपासून लिहिली त्यांतलं ते एक.

आणि ती फट? दोनदा परत केल्याच्या प्रकरणानंतर भागाकारांनी फर्मान काढलं होतं, की नवा तुकडा देण्याआधी पट्टीवरचा प्रत्येक तुकडा पहिल्यापासून तपासत जायचं. दोन बीप लगेच वाजत, मग ही तपासणी होई, मग तिसरी. जितके तुकडे अडकलेले, तितकी तिसऱ्या बीपला रखडपट्टी. एकदा मुद्दाम पट्टी काठोकाठ भरून पाहिलं तेव्हा फट पाऊण सेकंदाची झाली होती. टाचणी म्हणाली होती, ‘जिना चढून धाप लागलीय बिचाऱ्याला.’ त्यानंतरच्या अलार्मला पंप स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, सुरू होताना स्वतःची तपासणी करत चार मिनिटं बसला, आणि मग त्यानं पडद्यावर विचारलं, डोस चालू करू का? कुणी हो म्हणेपर्यंत एक थेंबही सुटला नाही. यालाच आम्ही सुरक्षित वागणं म्हटलं होतं. ती चार मिनिटांची तपासणीही माझीच.

ताईच्या अंगात त्या पंपातून जे चाललं होतं, त्याच्यावर तिचा रक्तदाब उभा होता. आदल्या दिवशी बाटली बदलताना दीड मिनिट गेलं तर आकडा पन्नासच्या खाली आला, आणि तिला परत वर आणायला वीस मिनिटं लागली. मी तेव्हा दाराबाहेर होतो. दार उघडायचं, मिटायचं, आणि दर वेळी आत कुणाची तरी पाठ दिसायची.

‘हे बंद कधी करता?’ मी नर्सला सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘बंद? बंद कशाला करायचं, काका? चालू व्हायला चार मिनिटं खातं मेलं. आम्ही आपलं नवीन रुग्णाचं बटण दाबतो. वायर निघाली तर बॅटरीवर चालतं. मी आल्यापासून तर हे कुणी बंद केलेलं पाहिलं नाही.’

‘तुम्ही कधी आलात?’

‘झाले की दोन महिने. का हो? कुठं ओळख आहे का तुमची?’

आहे, असं म्हणणार होतो, पण ती हसत होती आणि तिच्या हातात दुसऱ्याचं इंजेक्शन होतं. पुढचा अलार्म झाला तेव्हा तो मी फोनवर रेकॉर्ड केला, आवाजाची रेघ ताणून फट मोजली. चौसष्ट शतांश सेकंद. म्हणजे एकवीसशेपैकी अठराशे गेले, उरले तीनशे. दिवसभर मोजून काढलेल्या अंदाजानं ताईचे अलार्म दिवसाला अडतीस, त्यांतले तीसेक कोपराचे. डाव्या हाताला शीर सापडत नव्हती, म्हणून सुई उजव्या कोपराच्या खळगीत होती, आणि कोपर वाकलं की नळी दबून पंप ओरडे. तीनशे भागिले अडतीस. भागाकार माझ्या कानाशी येऊन बसले. आठ दिवस.

डॉक्टर भले होते. त्यांनी चालता चालता नव्हे, थांबून ऐकलं. मग म्हणाले, ‘तुमचं म्हणणं, बीपमध्ये अंतर वाढलंय.’ मी हो म्हटलं. ‘आणि औषध बरोबर जातंय.’ तेही हो. ‘मोकळा दुसरा पंप माझ्याकडे आज नाही, आणि अंतर वाढलं म्हणून मी यांचं औषध थांबवणार नाही. काही कागद आहे का कंपनीचा?’ कंपनीच्या मदत क्रमांकावर मी पाऊण तास संगीत ऐकलं, आणि शेवटी एका गोड आवाजानं सांगितलं, की हे मॉडेल आता आमच्या यादीत नाही, पण तुम्ही ते एकदा बंद करून चालू करून पाहिलंत का? टाचणीला फोन केला. ती आता मुलांना गणित शिकवते. आधी तिचा विश्वास बसेना की असला एक तरी पंप जगात शिल्लक आहे. मग ‘ताई कशा आहेत?’ म्हणाली. मी सांगितलं. ‘बघ, मशीन बदलून घे काहीही करून.’ आणि फोन ठेवायच्या आधी, स्वतःला न आवरून, ‘पण परत करायची ओळ तुझीच होती हां.’

यंत्रांची देखभाल करणारे गृहस्थ माझ्याहून वयानं मोठे, कमरेला स्क्रू-ड्रायव्हरची माळ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पंपाच्या पाठीवरचं स्टिकर वाचलं. ‘चौदा तारखेपर्यंत तपासलेलं आहे. चौदापर्यंत तक्रारीशिवाय मी याला हात लावू शकत नाही. चौदाला मला हात लावावाच लागतो, दुसरा पंप आणून हा न्यावाच लागतो.’ मी म्हटलं, तक्रार मीच करतो. ‘बिघाड काय लिहू?’ मी सांगितलं. त्यांनी अर्ध्यापर्यंत लिहिलं, थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन खिशाला लावलं. ‘साहेब, घरचं माणूस आजारी असलं की असं होतं. माझ्या बायकोच्या वेळी मला लिफ्टचा आवाज वेगळा वाटायचा.’

तर चौदा. त्या दिवशी तीन तारीख होती. अकरा दिवस गुणिले अडतीस, चारशे अठरा, हातात तीनशे. दिवसाला सत्तावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. एवढं नेमकं काम पुष्कळ वर्षांत कुणी मला दिलं नव्हतं. मी खिशातली डायरी काढली आणि रकाने आखले: वेळ, कारण. हवा. बाटली. कोपर. कोपर. कोपर. सकाळी नऊला आत सोडत आणि संध्याकाळी सहाला बाहेर काढत. रात्रीच्या तासांचा हिशोब कुणाकडे नसे, म्हणून सकाळच्या पहिल्या अलार्मची फट मोजून मी रात्रीचा आकडा काढायचा आणि लाल शाईनं भरायचा. कोपर वाकू नये म्हणून हाताला फळी बांधून पाहिली. एका दिवसात ताईची कातडी सोलवटली आणि डॉक्टरांनी ती सोडायला लावली. मग मी स्टूल तिच्या उजव्या अंगाला घेतलं आणि तिच्या मनगटाच्या जरा वर हात ठेवून बसलो.

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहाचा होतो, आणि तेव्हापासून घरात जे काही बोललं गेलं त्यातलं निम्मं ताईच्या कोपरानं बोललं गेलं. ती विनोद करायची आणि आपण हसायच्या आत बरगडीत कोपर मारायची, कळला का, म्हणून. अभ्यासाला बसवून शेजारी शिवत बसे, आणि माझी मान पुस्तकावर कलंडली की डोळे टाक्यांवरच ठेवून कोपर. वडील कुणापुढं जरा जास्त बढाई मारू लागले की टेबलाखालून कोपर. तिच्या लग्नात मी रडवेला उभा होतो आणि सगळे फोटोसाठी गंभीर चेहरे करून होते, तेव्हाही बसलं. त्या फोटोत एकटा मी दात काढून हसतो आहे. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पंपाचं माहितीपत्रक तिला दाखवलं होतं. तिनं ते पालथं-उलथं करून पाहिलं. ‘यात तू काय केलंस?’ म्हटलं, आतलं. ‘आतलं म्हणजे दिसत नाही ते. मग चुकलं तरी चालतं की रे, ढब्बू,’ आणि कोपर. मी हसलो होतो. टीप तोवर लिहून झाली होती.

‘सोड ना रे हात,’ ती चौथ्या दिवशी म्हणाली. आवाज तळाशी गेलेला, पण मस्करी जागच्या जागी. ‘पळून जाणारेय का मी?’

‘वाकवू नकोस. मशीन ओरडतं.’

‘ओरडू दे. ओरडलं की कुणीतरी येतं.’

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. तीस कोपरांतली काही चुकून झालेली असतील. उरलेल्या वेळी ती हाक मारत होती. घंटेचं बटण तिच्या बोटांना दाबवत नव्हतं. कोपर मात्र अजून तिचं होतं. मी म्हटलं, ‘मी आहे ना इथं, कशाला कुणी यायला हवं?’ तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘तू आहेस, पण तू त्या डबड्याकडे बघत असतोस.’ आणि हात वाकवायला गेली. माझ्या तळव्याखाली स्नायू उचलला गेलेला मला कळला, एखादा पक्षी अंग फुलवतो तेवढा, आणि मी दाबून धरलं. जोर लागला नाही. जोर लागला नाही याचंच मला पुढं कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं. त्या दिवसाची बेरीज अठरा होती. मी समाधानानं तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

भाऊजी पाचला येत. जन्मभर वजनकाटे तपासायच्या खात्यात होते, त्यामुळे जगातल्या वस्तूंची त्यांनी दोन भागांत वाटणी केलेली: मोहोर असलेल्या आणि मोहोर नसलेल्या. आल्याबरोबर ते पंपाचं स्टिकर वाचत आणि मगच बायकोकडे पाहत. एकदा जिन्यापाशी मी त्यांना थांबवलं. म्हटलं, ‘भाऊजी, या मशीनमध्ये एक चूक आहे. माझ्या हातची. मला तेव्हाच माहीत होती.’ सगळं सांगितलं, वाट्यांसकट. त्यांनी रुमालानं मान पुसली, रुमालाची घडी केली. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले तर बरं होईल. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अरे, तू बनवलेलं आहे म्हणून तर मी रात्री झोपतोय. सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलंय, हे आमच्या मेव्हण्याचं मशीन म्हणून.’ मग आत गेले. नर्स त्या दिवसापासून मला मशीनवाले काका म्हणू लागली, आणि दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेनं मला त्यांचा पंखा बघायला बोलावलं.

नवव्या दिवशी अकरा अलार्म. दहाव्या दिवशी नऊ. आलेख काढला असता तर भागाकारांनी भिंतीवर लावला असता. आता मनगटावर हात नुसता ठेवला तरी पुरे होई. मला वाटलं ताईला सवय झाली. माणूस कशाचीही सवय करून घेतं, असं मी मनात म्हणालोसुद्धा, आणि डायरीत शिल्लक लिहिली. ती फारशी बोलत नव्हती. डोळे उघडे असत, पण ते माझ्यापर्यंत येऊन थांबत नसत, मागच्या भिंतीवर कुठंतरी जात. डॉक्टर म्हणत, आकडे ठीक आहेत. आकडे ठीकच होते. मी रोज पाहत होतो.

चौदाला अकरा वाजता स्क्रू-ड्रायव्हरची माळ खुळखुळत आली. दुसरा पंप ढकलगाडीवर, त्याच्या पाठीवर ताजं स्टिकर. डॉक्टर स्वतः उभे राहिले. नवीन पंपाची चार मिनिटांची तपासणी आधीच करून घेतली, नळी भरून ठेवली, आणि चाळीस सेकंदांत अदलाबदल झाली. रक्तदाबाचा आकडा जरा खाली वाकला आणि पुन्हा वर आला. ‘झालं ना मनासारखं?’ नर्स म्हणाली. यंत्रवाल्या गृहस्थांनी जुन्या पंपाचं बटण दाबून धरलं. पडदा विझला. सगळी जागा आपोआप मोकळी झाली. माझ्या डायरीत तेव्हा एकशे छत्तीस अलार्म शिल्लक होते. तीनशेतले एकशे छत्तीस मी वाचवले होते. कधीही न वापरले गेलेले, कुणालाही परत न देता येणारे.

सगळे गेल्यावर मी तिच्या मनगटावरचा हात उचलला. कातडीवर माझ्या चार बोटांच्या फिक्या खुणा होत्या. त्या भरून येईनात. ‘ताई,’ मी म्हटलं, ‘आता वाकव हात. हवा तितका वाकव. हे मशीन चांगलं आहे.’ तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. श्वास चालू होता. हात मी ठेवला होता तसाच, तळवा वर करून सरळ पडून राहिला. मी स्टूल जरा मागं घेतलं, म्हणजे तिला मोकळं वाटावं. पंपाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. इतके दिवस जो आवाज होऊ नये म्हणून मी तिचा हात दाबून धरला, त्याच आवाजाची मी कान टवकारून वाट पाहत होतो. पलीकडे कुणाचं तरी यंत्र ओरडलं तेव्हा मी अर्धा उठलो, आणि पुन्हा बसलो.

मग मी माझं कोपर तिच्या कोपराला हळूच लावलं. कळला का? काही नाही. तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कोपरात वाकवला, आधी थोडा, मग पुरता. हलका होता आणि कुठंही अडला नाही. टीं टीं टीं. मध्ये फट नव्हती. नर्स घाईनं आली, ‘आजी, हात—’ असं म्हणता म्हणता तिनं माझे हात पाहिले आणि थांबली. बटण दाबलं. पुढच्या खाटेकडे गेली. मी हात सरळ करून चादरीवर ठेवला, डायरी काढली, आणि सवयीनं वेळ घातली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, कोपर. कुणी वाकवलं, यासाठी मी त्यात रकाना ठेवलेला नव्हता.